पाय लागला की थांबायचं

तुमाले एमाचं सांगितलं का मी? कारध्याच्या मिशन होस्टेलात मी सैपाक करते, तिथं ही परदेशातली पोरगी वर्षभर होती. पोरींना फुटबॉल शिकवे, अन् त्यांच्याकडूनच मराठी शिके. पण पोरींचा पाय कोणाले लागला, की त्या बॉल सोडून तिले हात लावत अन् नमस्कार करत. एमा वैतागे, "खेळताना काहून थांबता?"

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. तोंड उतरलेलं. "काकू, इथं मॅचमध्ये माझा पाय एकीले लागला. मी नमस्कार कराले वाकली, तेवढ्यात तिनं गोल मारला. आमी हरलो."

मी काही बोलायच्या आधी पाचवीतली पिंकी फोनात डोकावली.

"हरली तं हरली, दीदी. पाप तं नाही लागलं."