उभ्या रेषेचे दोन मार्क

गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी भाचीच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उभा होतो. हसू नका, भांडायलाच गेलो होतो. फिजिक्समध्ये मेघाचे दोन मार्क कापले होते आणि एका मार्कानं तिचा पहिला नंबर हुकला होता.

मी पेपर टेबलावर आपटला. "आलेखातली उभी रेषा ही समदाब रेषा, असं पोरीनं लिहिलंय. चूक काय त्यात? मी स्वतः बीएस्सी आहे!"

फिजिक्सच्या बाई म्हणाल्या, "सर, उभ्या अक्षावर दाब आहे, आडव्यावर वायूचं आयतन, म्हणजे आकारमान. रेषा उभी गेली म्हणजे दाब बदलतोय, आयतन तेच राहतंय. ही सम-आयतन रेषा. समदाब रेषा आडवी असते."

माझी कानशिलं तापली. तेवढ्यात प्राचार्य धावत आले. "अहो बाई, देऊन टाका मार्क! साहेब पेपरवाले आहेत."

एरवी अशा माणसाची मी पहिल्या पानावर बातमी केली असती. त्या दिवशी "नको" एवढंही तोंडातून निघालं नाही. बाईंनी माझ्याकडे न बघता मार्क वाढवले.

बाहेर मेघा रडत होती. "मामा, तू कित्याक इलंस? माझां चुकलेलांच होतां. आता दीपाक काय सांगू?"

दीपा तिची जिवलग मैत्रीण. तिनं सम-आयतन रेषा असंच लिहिलं होतं आणि वर्गात पहिली आली होती. सोमवारपासून ती दुसरी आहे. का, ते तिला आमच्यापैकी कुणीही अजून सांगितलेलं नाही.