तो टाहो कुणाचा

नाही, मला नको, तुम्ही घ्या — चहा मी सोडलाय. इकोमाच्या डोंगरावर कान्नोनदेवीपुढे हात जोडून बोलले होते, नातीचं लग्न पार पडेपर्यंत चहाचा थेंब ओठाला लावणार नाही. युकाचं, हो. मुलगा ओसाकातलाच, बँकेत आहे, बोलणी चालू आहेत. आणि नेमके आत्ताच तुम्ही दारात! जुन्या सिनेमातल्या बिननावाच्या माणसांची नावं शोधताय म्हणता — असेलही. पण सोयरीक जमायला आली की असेच गोड बोलणारे लोक गल्लीत फिरतात, शेजारणीला विचारतात, हे घर मूळचं कुठलं, आजोबा कुठून आले — मुलाकडचेच धाडतात. तुम्ही त्यातले नाही ना? नाही म्हणता. तेही नाहीच म्हणतात.

सिनेमा? पाहिलाय की. भंगारवाल्याच्या खुनाचा तो — आणि पहिल्यापासून संशय कुणावर, तर त्याच्या कोरियन बायकोवर! पडद्यावर कोरियन बाई दिसली की तिकीट फाडणारासुद्धा सांगायचा, हिनंच मारलं असणार. काम केलं जपानी नटीनं — दिसायला गोड, पण बोलायची असं मोडकंतोडकं की आमच्या — त्यांच्या, म्हणजे कोरियन लोकांच्या वस्तीत कुणी तसं बोलत नाही हो. आणि नवऱ्याच्या प्रेतापाशी तिला रडता येईना. रुमालानं डोळे टिपत बारीक हुंदके! असं रडतात होय? जमिनीवर हात आपटून, पोटाच्या तळातून ‘आइगो’ निघायला हवं — म्हणून मग वस्तीतली एक पोरगी नेली, अंधाऱ्या खोलीत उभी केली, म्हणाले, रड. तोंड त्या नटीचं, टाहो हिचा. कोण ती? मला काय ठाऊक! घसा असा बसला की आठवडाभर मिठाच्या गुळण्या करत होते — करत होती. ती. सांगितलं होतं तिनं.

हे घ्या, त्यापेक्षा घोटभर ही घ्या — तांदळाची दारू, घरचीच, काल यांच्या श्राद्धाला पुढे ठेवलेली. घ्या हो, संकोच कसला... थांबा. तोंड का वळवलंत? वडीलधाऱ्यांसमोर असं बाजूला मान फिरवून प्यायला कोरियन घरातच शिकवतात, ते मला कळत नाही होय? नाव सांगतोस जपानी, यानागावा, आणि आमच्यातलाच निघालास! अरे, आपल्याच माणसाला पाठवलं का त्यांनी आपली मुळं उकरायला? माझा पत्ता कुणी दिला तुला? खरं बोल.

युकानं?

तुमच्या त्या सिनेमाच्या खेळाला आली होती? टाहोतला माझा आवाज ओळखला — हो, आजोबा गेले तेव्हा ऐकला होता ना तिनं. आणि मुलाकडच्यांना... स्वतःच सांगून टाकलं? सगळं? मग काय म्हणाले ते? — अजून काहीच नाही. देवी, सांभाळ गं पोरीला. एवढीशी होती तेव्हा लसणाच्या वासावरून शेजाऱ्यांना आपण कोरियन हे कळू नये म्हणून धावत खिडक्या लावायची — आणि आज तोंडावर सांगून आली! आणि मी बसलेय इथं, स्वतःचंच रडणं दुसरीच्या नावावर टाकत.

लिही. ताकादा हे दारावरचं जपानी नाव नको. माझं खरं, को मालसुन. परत म्हण बरं — हं, असंच. कितीतरी वर्षांनी ऐकलं दुसऱ्याच्या तोंडून. येऊ दे पडद्यावर, जमायची असेल तर सोयरीक त्यावरही जमेल.

आणि तू असा खाली बघू नकोस. ही नावं शोधणाऱ्याचं नावही शेवटी येणार ना तिथं? मग माझ्यासारखंच कर, पोरा. आईनं ठेवलेलं लिही.