एकच सुई उरली होती

(फेब्रुवारी १९७२. नरडाणा. लढाईनंतर फौजेतून सुट्टीवर आलेल्या तोतारामची ओसरी.)

तोताराम : पत्रात साहेबांनी लिहिलंय ना, आबा. त्रास न होता गेला म्हणून.

जीवराम : मास्तरनं तीनदा वाचून दाखोलं ते. पन शालिग्राम गेला तव्हा साहेब नव्हता तथी, तू व्हता. जखमींचं तूच पाहे ना? म्हनून बोदवडहून आलो. त्याची माय बेबा जेवत नाही. म्हने, लेकरू तडफडलं असंन.

तोताराम : पोटात लागेल होतं त्याले.

जीवराम : मंग दुखनं कमी करायचं औषद असते ना तुमच्यापाशी?

तोताराम : मॉर्फियाची सुई असते. दिली की कपाळावर शाईनं खूण करायची. पुढच्यानं चुकून परत दिली तर माणसाचा श्वासच थांबतो. त्या दिवशी बावीस जण आणले. शेवटी एक सुई उरली.

जीवराम : आन् माह्या पोराच्या कपायावर?

तोताराम : खूण नव्हती, आबा.

जीवराम : सांग. आता सगयं सांग.

तोताराम : शेजारच्याची मांडी फाटेल होती. त्याचं ओरडणं ऐकवत नव्हतं. शालिग्राम आपल्याकडचा, म्हणून मी घरच्यासारखं विचारलं, दुखस का रे भाऊ? म्हणाला, 'मले काही नाही, त्याले दे.' हसला पण. दिली मी त्या शेजारच्याला.

जीवराम : मंग?

तोताराम : परत आलो तर गेलेला. खालचा ओठ चावून चावून आरपार झाला होता. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, गप्प पडलेल्याकडे आधी बघा. माले ठाऊक होतं. पण दोन दिवस डोळा लागला नव्हता, आणि तो नाही म्हणाला तर बरंच वाटलं. आबा, शिव्या द्या माले. कोणी तरी द्या.

जीवराम : तुले कायच्या शिव्या देऊ? बेबाले सांगीन, सुई देल्ली व्हती.

तोताराम : आणि तुम्ही?

जीवराम : पाच वर्साचा व्हता. केयीच्या बागात पायात काटा मोडला, रडत आला माह्यापाशी. चापट मारली मी. मानसाच्या जातीनं रडू नाही म्हनलं. त्याच्यानंतर तो माह्यासमोर कधी रडला नाही, तोताराम. मी गावात कौतिकानं सांगत जाये.