लाल नट

हॅलो?… हॅलो?… व्हय, व्हय, हंबीरराव बोलतोय, कोल्हापुरातनं… द्या की जोडून, बाई… हॅलो?

कोण?… अगं, तू व्हय! जरा मोठ्यानं बोल… आगाऽ, एवढ्या मोठ्यानं नगं, कान फुटला! नेहमीसारखं बोल. माझ्यासंगं भांडतीस तसं.

व्हय, टायरच्या दुकानातच बसलोय. तुझा निरोप सकाळच्या यष्टीनं पोचला… पोचला म्हणतोय. तू गारगोटीच्या पोस्टातनंच बोलतीस न्हवं?… आन् गाडी?… समोरच, चिंचेखाली. आन् तुझा भाऊ?… आकाराम गाडीपाशी. बरं. सासूबाई?… तुझ्या माहेरी, घरातच हायत. बरं झालं, त्यांना उनात बसवू नगं.

आता टायरचं सांग. फुटलाय का फुगवटा आलाय?… केवढा?… लिंबाएवढा. आन् आतलं कापड दिसतंय? मग त्या टायरवर माघारी यायचं न्हाय. सासूबाईंना घिऊन तर मुळीच न्हाय. वाटंत फुटला तर गाडी सरळ उसात जाईल.

अगं, ऐक ना… हितं शेटजींकडं दोन मापाचं टायर हायत. एक सात पन्नास, एक सहा पन्नास… पैसं न्हवं गं, रबराची जाडी! शेटजी म्हणतात सहा पन्नासचा न्या, चालतोय… थांबा हो शेटजी, बोलतोय न्हवं मी… चालतोय कसा? आपलं बाकीचं सात पन्नासचं. एका बाजूला जाड आन् एका बाजूला बारीक बसवला की गाडी लंगड्या बैलावानी चालती. त्यात आपल्या पिकपची चाकं लिलावातली, मिलिटरीनं कुटली कुणाला जोडल्यात द्येव जाणं. त्या चाकाचं माप सोळा हाय का दुसरंच, ते आधी कळाया पायजे. न्हायतर टायर घिऊन यायचो आन् बसायचाच न्हाय.

टायरच्या कडंला आकडं असत्यात बघ. तू वाचलंस?… पुसल्यात. सगळं?… बोट फिरवून बघितलंस?… बरं, बरं, नसंल तर नसंल, माझ्यावर का चिडतीस!

आकाराम काय म्हणतोय?… चाकाच्या लोखंडावर आतनं आकडा ठोकलेला असतोय. बरोबर. मीच सांगितलंतं त्याला… मग बघ म्हणावं की… बघतोय? हुशार हाय तुझा भाऊ, मी कवा न्हाय म्हटलंय!

काय?

खोलतोय म्हंजे? गाडीचं चाक काढतोय न्हवं?… काढून झालंय? कवा?… जमिनीवर आडवं टाकलंय. मग आता काय खोलतोय?

अगं, कुठलं नट?… लाल? सगळंच लाल हायत! आतल्या गोलातलं का भाएरच्या?… नीट आठव. चाक गाडीला ज्यानं बसतंय ते आतलं. त्याच्या भाएरनं आनि एक गोल हाय नटांचा… तेच? तेच खोलतोय?

हवा काढलीया का?

अगं, टायरातली हवा! काढली का न्हाय?… काल पंपानं भरली. भरली ते कळलं, काढली का?… माहीत न्हाय?

ऐक. आता कायबी बोलू नगं, नुसतं ऐक. ते चाक एक न्हाय, दोन थाळ्या हायत. तोंडाला तोंड लावून भाएरच्या नटांनी आवळल्यात, आन् मधी हवा कोंडलीया. हवा असताना ते नट सोडलं की वरची थाळी उडती… उडती म्हंजे उडती गं! पल्टणीत असताना बघितलंय मी. छपराचा पत्रा फाडून गेलती थाळी. आन् वाकलेला माणूस… जाऊ दे. जा. पळ. पान्याला हात लावू नगं म्हणावं. चाकापासनं लांब हो म्हणावं. फोन तसाच मेजावर ठिव, जाग्यावर ठिवू नगं, तुटंल… पळ की गं!

…

व्हय शेटजी, तसलंच चाक. मिलिटरीचं… अवो, मिलिटरीवालं भाएरचं तेवढंच नट लाल रंगवत्यात. लाल म्हंजे हात लावू नगं. मला ठावं हाय, पण आकारामला कसं ठावं असणार? खंडेनवमीला मीच गाडी धुतली, पूजा केली आन् ऱ्हायलेल्या रंगानं आतलं-भाएरचं समदं नट लाल करून टाकलं. चांगलं दिसतंय म्हून! नव्या नवरीवानी दिसती गाडी, असं हीच म्हणाली… त्या गाडीवर पोट हाय म्हून पूजा केली, आन् खुणंवरच रंग फासला. अक्कल गहाण पडलीती माझी!

पाणी नगं मला.

हॅलो?… हॅलो?… कायबी ऐकू येत न्हाय… हॅलो! कोण? बाई, तुमी व्हय… तीन मिन्टं झाली? होऊ द्या! आनि तीन घ्या, सहा घ्या, पर तोडू नका. तितं माझी बायकू… बाई, तुमच्या पाया पडतो, तोडू नका.

हॅलो?… आकाराम? आकाराम, तूच हाईस न्हवं? जोतिबा पावला! हात-पाय धड हायत?… अरं हसतोस काय, गाढवा! किती नट सोडलंस?… दोनच ऱ्हायल्यात? अरं द्येवा… असू दे, असू दे. तू लांब हाईस, आता काय भ्या न्हाय. तुझ्या भनीला दे फोन.

ती कुटं हाय?

तितंच म्हंजे कुटं? चाकापाशी?… लांब हो म्हून सांगितलंतं मी!… काय करती?

बसलीया?

चाकावर?

अरं, कशाला?… गोळा झालेली पोरं हात लावतील म्हून… वरची थाळी उडती म्हून तिनंच तुला सांगितलं, आन् म्हणाली, मग मी दाबून धरती… आकाराम… दोन नटांवर हाय रं ते… तिच्या वजनानं दबायचं न्हाय ते, हत्ती बसला तरी दबायचं न्हाय…

शालू! ए शालूऽ! उठ तितनं! शालूऽ!

व्हय, व्हय, ठावं हाय, तिला ऐकू जायचं न्हाय… तू वरडू नगंस. पळत जाऊ नगंस. दचकून पाय आपटंल ती. हळू जा, हात धर, आन् सरळ बाजूला वढ. पान्याला हात लावायचा न्हाय. मग पालथा पड, डोस्कं लांब ठिव, नुसता हात घाल आन् खिळ्यानं हवा भरायचा वाल दाब. हवा समदी जाईस्तवर दाबून धर. आन् कुणालाबी त्याच्यावर वाकू दिऊ नगंस… जा. फोन पोस्टमास्तरांकडं दे.

हॅलो, मास्तर? पावणं, एवढं काम करा. दारातनं बघा आन् दिसंल ते सांगा… मी कोण? त्या चाकावर बसलीया तिचा नवरा.

सांगा… आकाराम पोचला… बोलतोय तिच्यासंगं… आन् ती?… मान हलवती? न्हाय म्हणती? अवो, हट्टी हाय ती, पहिल्यापासनं हट्टी हाय… हात धरला?… मास्तर, म्होरं सांगा! मास्तर!

उठली?… उठली म्हणता? नीट बघून सांगा, उठली?… बाजूला आली… किती लांब?… झाडाच्या पल्याड. बरं… बरं… आन् आकाराम?… पालथा पडलाय. वाल दाबलाय… आवाज येतोय? फुसफुस?… हितं येत न्हाय. तुमी ऐका. बंद झाला की सांगा…

अजून येतोय?… अजून?…

झाला?… टायर बसला? पार चपटा?

… न्हाय मास्तर, हाय मी. जरा… जरा थांबा.

शेटजी, ते पाणी द्या आता.

हॅलो?… व्हय, मीच… तू बरी हाईस न्हवं? कुटं लागलं न्हाय?… मग रडतीस कशाला?… मी? मी कुटं रडतोय, पाणी पितोय मी… अगं, थाळी दाबून धराया तू काय भाकरी थापत बसलीतीस व्हय?… आकाराम वाकलेला, त्याच्या तोंडावर बसंल म्हून? आन् तुझ्यावर बसली असती म्हंजे?… बरं. न्हाय बोलत. कायबी न्हाय बोलत.

काय म्हणतोय आकाराम? आकडा दिसला?… सोळा. सोळाच हाय! शेटजी, सात पन्नास-सोळाचा काढा… दुसरा नगं, सांगितलं न्हवं! आन् लाल रंगाचा एक डबा, न्हाय, काळ्या. आतलं नट आधी काळं करतो, भाएरचं तेवढं लाल ठिवतो… अगं, न्हाय दिसली नवरीवानी तर न्हाय दिसली!

दुपारच्या यष्टीनं टायर घिऊन येतो. तवर त्या चाकाजवळ…

काय?… कोण म्हणालं?… मास्तर?… माझा आवाज पार दारापतोर आला?

व्हय. घेतलं नाव. चारचौघांत घेतलं. शेटजी हितंच हायत, त्यांची माणसं हायत, समदी बघाय लागल्यात… लाज वाटती? वाटू दे. लग्नात उखाण्यात घेतलंतं, त्याच्यावर आज घेतलं… काय झालं मग?

बाई, एकच मिनीट… तोडा मग, पर एवढं बोलून होऊ द्या.

शालू… अगं, काय न्हाय. नुसतीच हाक मारली. तू ओ दे.