टाको मोडला तेव्हा

अरे, परवाच्या रविवारी हिंगोलीतल्या नव्या कॅफेत आईला टाको खायला नेलं. टाको म्हणजे मक्याच्या पोळीची घडी, आत भाजी. आईनं पहिला घास घेतला अन् पोळी मोडून सगळी चटणी नव्या साडीवर सांडली. मी घाबरलोच.

कॅफेवाली पोरगी धावत आली. "माफ करा मावशी, सकाळपासून सगळेच मोडून राहिले." तिचे डोळे भरले होते.

आई म्हणाली, "रडतेस काहून? पीठ उकळत्या पाण्यात मळलं का?"

"न्हाई, थंड पाण्यात."

आई पदर खोचून थेट आत गेली. थोड्या वेळानं दोघी हसत मऊ टाको घेऊन आल्या. एकही मोडला नाही.

"मावशी, पुढच्या रविवारी याल?"

"येईन की. पण ह्याला घरीच ठेवते. हा नुसता बसून खातो."