सापडलं म्हणजे

हॅलो? … हं, बोल वहिनी… जरा मोठ्यानं बोल गं, इथं यंत्रांची घरघर आहे… थांब, प्रयोगशाळेच्या बाहेर येते… हं, आता बोल.

काय? दादा इंजेक्शन घेत नाही म्हणजे? … अगं, काळा आजार पुन्हा उलटलाय, प्लीहा सुजून पोट एवढं फुगलंय, आणि आता हा हट्ट कसला? … वाट बघतोय? कशाची? … कुठली गोळी? … माझी?

अगं बाई…

नाही, नाही, ऐक ना… हो, म्हणाले होते मी, 'सापडलं'. नाचतच सांगितलं होतं… पण वहिनी, आमच्यात सापडलं म्हणजे काचेच्या बशीतले जंतू मेले, एवढंच गं! त्यानंतर उंदीर, मग कुत्री, मग कुठं माणसं… हो, बरोबर आहे तुझं. घरात किल्ली सापडली की कुलूप उघडतंच. तुम्ही तसंच समजणार.

कधी म्हणून काय सांगू… वहिनी, ती गोळी बंद झाली. आज सकाळीच. कुत्र्यांची लिव्हर गेली… नाही गं, दुसरी नाहीये. दुसरीवर पैसा घालायला कुणी तयार नाही. गरिबांचा रोग पडला ना हा… रडू नकोस. तू रडलीस तर मी काय करू? … दे त्याला.

दादा? … हो, मीच. हसतोस काय? … नाही आली. येणारही नाही, दादा… 'थांबतो' काय? अरे, थांबलास तर मरशील! … माहीत आहे, त्या सुईनं आग आग होते. गेल्या वेळी उशी चावून फाडलीस… हो रे, महिनाभर रोज… मला दुसरं काही देता येत नाहीये. एवढी शिकले, आणि तुला द्यायला तेच जुनं जहाल औषध…

काय? … जेवले रे, जेवले. माझं काय विचारत बसलायस!

नर्सबाई आहेत का तिथं? … सुई भरून उभ्याच? … मग वळ कुशीवर. वळ ना रे… फोन नको ठेवूस, उशीवर राहू दे… हो, आहे मी…

टोचली? … ओरड, दादा. लाजतोस काय, ओरड! … आहे, आहे, इथंच आहे…

झालं? … झालं ना… मी कुठं रडतेय, तूच रडतोयस… हो, उद्याही करते फोन. परवाही. शेवटच्या सुईपर्यंत रोज… झोप आता. ठेवते.