खटखट काढायची नाही

दोष बाबाचाच. आत्याचा नाही, डॉक्टरचा नाही, नशिबाचा तर मुळीच नाही — बाबाचा. लिहा ना, पेन का थांबलं? आणि दचकू नका, मी त्याला एकेरीच म्हणतो, तो होता तेव्हा तोंडावरही म्हणायचो. तुमच्या स्मृतिसमितीसाठी तो थोर कवी, मरणाच्या डोळ्याला डोळा भिडवणारा वगैरे — वाचलं मी तुमचं पत्रक. कुणी भिडवला डोळा? दुखणं आईचं होतं, सर. ह्याला साधं पडसं झालं तरी घर डोक्यावर घ्यायचा.

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. खाटेवर बसा — हो, आईचीच खाट. आता उठू नका लगेच, काही होत नाही.

तर आईच्या पोटात गाठ निघाली, पसरलेली, आणि आमच्या मोठ्या माणसांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ठरवून टाकलं — तिला सांगायचं नाही. खचेल म्हणे. अल्सर आहे, होईल बरा, असं सांगायचं. मी म्हटलं, पोट तिचं आहे ना? तर आत्या म्हणाली, "कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेल्यानं आम्हाला अक्कल शिकवू नये." बरं. नाही शिकवली. पण बाबाची गोष्ट अशी, की आईला वाचून दाखवल्याशिवाय त्याची एक कविता पुरी व्हायची नाही — लग्नापासूनची सवय — हा वाचणार, ती ऐकणार, कुठे जीभ अडखळते ते सांगणार, हा तिथे खोडणार. आणि ह्या शहाण्यानं काय करावं? तिच्याच मरणावर कविता लिहायला घेतल्या आणि तिलाच वाचून दाखवल्या! कल्पनेतली बाई आहे, म्हणाला.

ती काय म्हणाली? "ह्या बाईला माहितीये का हो?" असं विचारलं तिनं. बाबा म्हणाला, "नाही, सांगितलं तर खचेल ती." आई म्हणाली, "तिसऱ्या ओळीत वेदना नको. असं कुणी म्हणत नाही. दुखतं म्हणतात." केलं त्यानं 'दुखतं'. तीच ओळ तुम्ही दगडावर कोरणार आहात, नाही का?

कळलं होतं का तिला? एवढी वेडी नव्हती माझी आई. पण आपण मरतोय हे कुणी कबूलच करू देत नसेल, तर माणसानं निरोपाचं बोलायचं कधी? शेवटच्या दिवशीसुद्धा बरी झालीस की गच्चीवर गाद्या वाळत घालू, असलंच काहीतरी बोलत होतो आम्ही. तीसुद्धा. गाद्या!

आणि ह्या कॅसेटी, तुम्ही न्यायला आलात त्या. वाचताना तो टेप लावून ठेवायचा, मागाहून स्वतःचं ऐकायला. आई बोलायला लागली की बटण दाबून बंद — उगाच टेप वाया जाते म्हणून — तिचं झालं की पुन्हा सुरू. तुम्ही मघाशी म्हणालात ना, मधली खटखट आमचा माणूस साफ करून देईल? सर, ती खटखट म्हणजे आई आहे. एक खट् म्हणजे तिनं काहीतरी सांगितलं. दुसरी खट् म्हणजे आणखी काहीतरी. साफ करताय!

ह्या एका कॅसेटवर त्याचं बोट उशिरा पडलंय. ती बोलायला श्वास घेते — ऐकू येतो, ओठ उघडल्याचंही ऐकू येतं — आणि खट्. रोज लावतो मी... रोज नाही, कधीकधी. पुढचं मीच बोलतो, तिच्याऐवजी. काल म्हटलं, "जेवलास का?" — ते माझ्याच आवाजात आलं. तिचा कसा होता? जाड? की जरा नाकातला? आत्याला विचारलं, तर म्हणे, छान होता. छान म्हणजे काय? डोकं आपटावं का मी?

नाही, ही मिळणार नाही. बाकीच्या न्या, खोकं भरून न्या, कोरा काय कोरायचं ते. ही ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना. आणि जाताना दार ओढून घ्या.

तिचे शब्द सगळे पाठ आहेत मला. आवाज आठवत नाही.